पदकाची कड आधी वाच

पोरा, जुन्या बाजारातून तू जर्मन लढाईचं पदक आणलंस, हे तुझ्या आईकडून कळलं. ती म्हणाली, जरा समजावा. समजावायचं काय, तुझ्या वयाचा असताना मीही असंच एक आणलं होतं आणि त्याच रात्री चिंच-मीठ लावून लख्ख केलं होतं. सकाळी बघतो तर कडेवरचा निम्मा नंबर गेलेला! म्हणून हे थोडं लिहून ठेवतो.

१. घासू नको. चिंच नको, राख नको, पावडरही नको — नाव-नंबर कडेवर बारीक ठोकलेले असतात, घासलेलं भांडं उजळतं पण घासलेलं पदक मुकं होतं.

२. भिंग घे, उजेड बाजूनं पाड आणि कडेवरचं जसंच्या तसं उतरवून घे. स्पेलिंग सुधारू नको — साहेबाच्या कारकुनानं चुकवलेलं नावच यादीत असतं. पहिल्या लढाईच्या वॉर मेडलला आणि व्हिक्टरी मेडलला नाव कडेवर असतं, १९१४-१५ च्या स्टारला पाठीवर.

३. नावापेक्षा नंबर जप, आणि नंबराबरोबर पलटण जप — त्या काळी नंबर पलटणीपुरताच असे, तोच नंबर दुसऱ्या पलटणीत दुसऱ्याच माणसाचा निघतो. नावाचं म्हणशील, तर 'पाटील' अशी हाक मारली की आपलं अर्धं कंग्राळी गाव ओ देतं.

४. कडेवर ११० मराठा दिसलं तर ती पलटण आज त्या नावानं शोधू नको. १९२२ साली सगळे आकडे बदलले — १०३ ची १/५ झाली (म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली, आपली जंगी पलटण), १०५ ची २/५ म्हणजे काली पाचवी, ११० ची ३/५, ११६ ची ४/५, ११७ ची ५/५ आणि ११४ ची १०/५. हे न कळल्यानं मी दोन वर्षं भलत्याच पलटणीचा इतिहास पाठ केला, आणि तोही बायकोला मोठ्यानं वाचून दाखवत.

५. वॉर मेडल चांदीचं नसून काशाचं निघालं तर हिरमुसू नको — ते लेबर कोअरच्या आणि पलटणीमागून राबणाऱ्या माणसांना मिळे. चांदीची कितीतरी मेडलं सोनाराच्या मुशीत गेली. काशाला कोण विचारतो, म्हणून ती वाचली.

६. फीत विटलेली असली तरी टाकू नको, पण तिच्यावर आंधळा विश्वासही ठेवू नको — विकणारा हाताला लागेल ती फीत ओवतो.

७. दुसऱ्या लढाईच्या स्टारवरून माणूस कुठे होता ते कळतं, त्यानं काय केलं ते कळत नाही. आफ्रिका स्टार म्हणजे वाळवंटच, असं धरून बसू नको — ३/५ नं मार्च १९४१ मध्ये एरिट्रियातल्या केरेनचे डोंगर चढले, त्यालाही तोच स्टार. बर्मा स्टार असेल तर ४/५ आणि मणिपुरातलं संगशाक आठव. इटली स्टार असेल तर १/५ आणि ३/५. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांचे व्हिक्टोरिया क्रॉस त्याच देशातले, १९४४ आणि १९४५ चे.

८. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी फुकट बघता येते, पण तिच्यात फक्त गेलेले आहेत. तुझा माणूस तिथे नसेल तर आनंद मान — बहुतेक तो घरी परतला. नाव मिळालंच तर शेजारची ओळ वाच, कधीकधी बापाचं नाव आणि गावही लिहिलेलं असतं.

९. गाव शोधताना बेळगाव, बेळगावी, मुंबई इलाखा, सगळं घालून बघ — लढाईच्या वेळी आपण मुंबईत होतो, १९५६ ला म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, आलो. कंग्राळी मिळाली तरी बुद्रुक की खुर्द ते विचार. साहेबाला दोन्ही सारख्याच, आपल्याला नाहीत.

१०. बेळगावच्या कॅम्पातल्या पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करायचा तर एका पानात कर. वर नंबर, हुद्दा, नाव, पलटण, आणि खाली एकच प्रश्न — भावना लिहिलीस की चिठ्ठी तळाला जाते. माझी गेली होती.

११. पलटणीची रोजची डायरी लंडनला क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जच्या दप्तरात असते. तिच्यात शिपायाचं नाव मिळेल अशी आशा धरू नको, नावं साहेबांची — पण त्या दिवशी पलटण कुठे होती, पाऊस होता का, खायला काय होतं, ते मिळतं. इराकातल्या कूतच्या वेढ्याचंच घे — तिथे आपल्या १०३, ११० आणि ११७ होत्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, शेवटी घोडी आणि खेचरं कापून खाल्ली. घरात कुणी सांगत असेल की आज्जा बगदादहून परत आल्यावर घोड्याला हात लावत नसे, तर हसू नको, तारीख लावून बघ.

१२. म्हाताऱ्यांकडे जायचं ते पदक वाचून झाल्यावर, आधी नाही — आधी गोष्ट ऐकलीस तर कडेवर तीच दिसायला लागते. आज्जा सांगतो एक, पलटण लिहिते दुसरं, खरं दोघांच्या बांधावर उगवतं.

१३. भिंतीवरचा फोटो खिळ्यावरून उतरवून पाठ बघ — शाईनं लिहिलेलं तिथे टिकतं. डिस्चार्ज बुक, पेन्शनचं पुस्तक ट्रंकेच्या तळाच्या कागदाखाली सापडतं. ट्रंक मात्र घरच्या बाईच्या परवानगीनं उघड, नाहीतर पुढच्या वेळी चहा मिळत नाही.

१४. परदेशातला शौकीन चांगले पैसे देतो म्हणाला तरी पोस्टात टाकू नको — १९७२ च्या कायद्यानं शंभर वर्षांवरची पुरातन वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही.

१५. आणि घर सापडलं, नातू-पणतू भेटले, तर पदक एकदम पुढे करू नको. खिशात ठेव, बस, पाणी पी, कुणाचा कोण ते विचारून घे — ते बाजारात गेलं ते कुणीतरी विकलं म्हणून, आणि विकणारा कदाचित त्याच ओसरीवर बसलेला असेल.