डिजिटल कॅमेरा कसा लावावा : नवशिक्यांसाठीं पहिला पाठ

गेल्या मृगबहारांत आमच्या डाळिंबाच्या चार-पांच झाडांच्या पानांवर तेलकट, पाणी भरल्यासारखे ठिपके दिसूं लागले. मुलानें दिलेल्या डिजिटल कॅमेऱ्यानें मीं छायाचित्रें काढून एका कृषितज्ज्ञांकडे धाडलीं. उत्तर आलें कीं, चित्र पुसट असल्यामुळें ठिपका तेल्याचा कीं अन्य रोगाचा, हें सांगतां येत नाहीं. नीट चित्रें मिळेपर्यंत चार दिवस गेले, मध्यंतरीं पाऊस झाला, आणि पावसाच्या उडत्या थेंबांनीं पसरणारा तो तेल्याच शेजारच्या दोन ओळींत पोंचला. दोष यंत्राचा नव्हता, माझ्या अज्ञानाचा होता. महसूल खात्यांत असतां पंचनाम्यांस जोडलेलीं छायाचित्रें मीं पुष्कळ हाताळलीं. परंतु तीं कशीं काढावीं हें कधीं शिकलों नव्हतों. मागाहून जें शिकलों, तें शेतकरी बंधूंपुढें ठेवतों.

कॅमेऱ्यांत प्रकाश घेणें हें पाटाचें पाणी सरींत घेण्यासारखें आहे. दारें किती रुंद फोडलें व किती वेळ उघडें ठेवलें, यावर सरीचें भरणें अवलंबून असतें.

१. छिद्र : भिंगांतील छिद्र हेंच दारें. त्याचे अंक २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे असतात. भिंगाचें नाभीय अंतर छिद्राच्या व्यासाच्या किती पट आहे, तें हा अंक सांगतो. म्हणून अंक मोठा तितकें छिद्र लहान. प्रत्येक पायरीस प्रकाश निम्मा होतो. छिद्र लहान असल्यास पुढचें-मागचें सर्व रेखीव येतें. मोठें असल्यास पानाचें एक टोंक स्पष्ट व दुसरें पुसट होतें.

२. वेळ : झडप १/६०, १/१२५, १/२५० सेकंद अशी उघडते. वाऱ्यानें हलणाऱ्या पानास सुमारें १/५०० सेकंद घ्यावा. माझें चित्र बिघडलें तें येथेंच. संध्याकाळच्या अंधुक उजेडांत यंत्रानें आपोआप १/१५ सेकंद घेतला आणि वारा तर सुटलेला होता.

३. आयएसओ : आंत आलेल्या प्रकाशाचा ठसा किती पट वाढवावयाचा, त्याचा हा अंक. खतानें पिकाबरोबर तणहि वाढतें, त्याप्रमाणें आयएसओ १०० वरून ३२०० वर नेल्यास चित्र उजळतें, पण त्यावर रवाहि उमटतो. तथापि हललेल्या चित्रापेक्षां रवाळ चित्र बरें. त्यांत ठिपका निदान ओळखतां येतो.

आतां प्रत्यक्ष प्रयोग. यंत्राची चकती ‘एम’ या अक्षरावर आणावी. लख्ख उन्हांत छिद्र १६, आयएसओ १०० व वेळ १/१०० सेकंद ठेवावा. तितकाच प्रकाश छिद्र ८ व वेळ १/४०० यांनींहि मिळतो. दारें चौपट, वेळ चौथाई. हें दुसरें प्रमाण वाऱ्यांत सोयीचें. आभाळ दाट भरून आल्यास छिद्र ५.६, आयएसओ ४०० व वेळ १/४०० येथून आरंभ करावा.

अंक यंत्रावर सोपविले असतां एक गोष्ट ध्यानीं धरावी. यंत्र प्रत्येक वस्तु मध्यम करडी समजून प्रकाश मोजतें. त्यामुळें फुटलेला कापूस मळकट व काळी जमीन राखाडी दिसते. अधिक-उण्याच्या खुणेनें कापसास अधिक १ व काळ्या जमिनीस उणें १ द्यावा. बहुतेक मोबाइल फोनांत छिद्र बदलतां येत नाहीं. परंतु पुष्कळांत ‘प्रो’ या सोयीनें वेळ व आयएसओ बदलतां येतात.

अभ्यासासाठीं एकच पान घेऊन एका वेळीं एकच अंक बदलावा. फिल्मचा खर्च नाहीं आणि वापरलेले अंक यंत्र स्वतःच चित्राबरोबर नोंदून ठेवतें. मात्र चित्र पडद्यावर मोठें करून ठिपक्याची कडा स्पष्ट दिसल्याखेरीज बांध सोडूं नये. ही एक मिनिटाची तपासणी मीं त्या संध्याकाळीं केली असती, तर त्या दोन ओळी कदाचित् वांचल्या असत्या.