आधी मशीन उभं करायला शिका

जिंतूर घ्या, सेलू घ्या, पालम घ्या. आमच्या परभणी जिल्ह्यात दहावीत गचकलेल्या पोराला कोणी ना कोणी सांगतंच, "पोकलेन शिक, पोटाला कमी पडणार नाही." ते खोटं नाही. जलयुक्त शिवारात नाले खोल झाले, शेततळी झाली, तलावांतला गाळ निघाला, आणि आता जालना–नांदेड द्रुतगती महामार्गाचं नाव प्रत्येकाच्या तोंडी आहे. काम आहे. पण शिकवणार कोण, असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. मालकाला ऑपरेटर आयता पाहिजे, उस्तादाला हेल्पर फुकटात पाहिजे आणि पोराला खुर्ची पाहिजे. या तिघांच्या घाईत मशीन कुठे उभं करायचं आणि कुठे अजिबात करायचं नाही, हे शिकवायचं राहून जातं. मला ते एका मालकामुळे कळलं. त्यांचं नाव लिहीत नाही. वाचलं तर ओळखतील.

हात बसणं तसं अवघड नाही. डाव्या लिव्हरने मशीन फिरतं आणि आर्म आत-बाहेर होतो. उजव्याने बूम वर-खाली आणि बकेटची उघडझाप. जो जेसीबीवरून येतो त्याने मात्र जपायचं. जेसीबीच्या, म्हणजे बॅकहोच्या पद्धतीत बूम डाव्या हातात असतो, पोकलेनच्या पद्धतीत उजव्या. काही मशीनमध्ये हा पॅटर्न बदलायची सोय असते आणि आधीच्या ऑपरेटरने तो स्वतःच्या सोयीने फिरवून ठेवलेला असतो. डोकं शांत असतं तोवर हात नव्या पद्धतीने चालतात. दचकलात की ते जुन्या सवयीवर जातात आणि बूम उचलायचा तिथे आर्म अंगावर येतो. म्हणून परक्या मशीनवर बसलात तर मोकळ्या जागेत, बकेट जमिनीपासून हातभर वर ठेवून, प्रत्येक लिव्हर हळूच हलवून बघा. मालक "टाइम कशाला घालवायलास" म्हणतील. म्हणू द्या.

चेनचंही तसंच. ज्या दातेरी चाकाला मोटर असते, ते स्प्रॉकेट पाठीमागे असेल तरच पुढे ढकललेला लिव्हर मशीन पुढे नेतो. वरचं धड अर्धं फिरवलं की सगळं उलटं होतं. पुढे म्हणून दाबलं की मशीन मागे येतं. सपाट रानात यावर हसता येतं. काठावर हसता येत नाही. लिव्हरला हात लावण्याआधी खिडकीतून वाकून स्प्रॉकेट कुठे आहे ते बघायचं, रोज, कितीही वर्षं झाली असली तरी.

सफाईचं म्हणाल तर ती वेगात नसते, मांडणीत असते. शेततळ्याचा हिशेब करून बघा. ३० बाय ३० बाय ३ मीटरचं तळं, बाजूंना १:१ उतार, म्हणजे २,१९६ घनमीटर खोदाई. खोदल्यावर माती फुगते, त्यामुळे वीस टनी मशीनच्या बकेटने तीन हजारांच्या आसपास फेऱ्या होतात. दर फेरीला पाच सेकंद वाचले तरी चार तास वाचतात. हे सेकंद लिव्हर झटकून वाचत नाहीत. टिपर किंवा मातीचा ढीग अशा जागी ठेवायचा, की मशीनला अर्धा फेरा मारायची गरज पडणार नाही, जेमतेम पाव फेऱ्यात काम व्हावं. जो ऑपरेटर आल्या आल्या पंधरा मिनिटं नुसता रानात फिरतो, पायाने माती दाबून बघतो, तो संध्याकाळी पुढे असतो. ही पंधरा मिनिटं अवर मीटरवर दिसत नाहीत, म्हणून मालकांना ती आळस वाटतात.

आता माझं.

जून तोंडावर आला होता. जिंतूर तालुक्यात नाला खोलीकरणाचं काम होतं आणि वळवाचा एक जोरदार पाऊस पडून गेला होता. आपली काळी माती उन्हाळ्यात अशी भेगाळते, की भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत जातो. वळवाचं पाणी त्या भेगांतून थेट खाली उतरतं. वर दोन दिवसांच्या उन्हाने खपली धरते, जमीन वाळल्यासारखी दिसते, आणि खाली मुरुमाच्या तोंडाशी माती लोण्यासारखी सुटलेली असते. असा काठ वीस टन वजन घेत नाही. हे सांगायला इंजिनियर लागत नाही. आमच्या गावातला कोणताही गडी सांगेल.

मी म्हणालो, मशीन नाल्याकडे तोंड करून लावू. म्हणजे चेन काठाशी काटकोनात आणि स्प्रॉकेट मागे. काठ हलला तर दोन्ही लिव्हर ओढून सरळ माघारी येता येतं. पण तसं लावलं तर चेनचं मागचं टोक शेजाऱ्याच्या वावरात जात होतं, आणि त्याने कपाशीसाठी ठिबक अंथरून ठेवलं होतं. मालक मोटारसायकलवरून खालीसुद्धा उतरले नाहीत. "ठिबक काय तुझा बाप भरून देणार हाय? आडवं लाव अन् चालत जा. रीडिंग पडायलंय." मी पुन्हा सांगितलं. तेव्हा म्हणाले, "मला शिकवायलास का? तुझ्या अगोदरचे ऑपरेटर काय येडे होते?"

माझा पगार त्यांच्याकडे थकला होता. ज्याचा पगार मालकाकडे थकलेला असतो, त्याला 'नाही' म्हणणं किती परवडतं, हे खुर्चीत बसून सल्ले देणाऱ्यांनी मला सांगू नये. मी मशीन काठाला समांतर लावलं. हेल्परला मात्र नाल्यातून वर काढून लांब बाभळीखाली बसवलं. मालकांना तेही रुचलं नाही. त्यांना तो खाली पट्टी घेऊन खोली मोजायला हवा होता.

काठ गेला तेव्हा मोठा आवाज वगैरे काही झाला नाही. डाव्या हाताला, दाराबाहेर, दोन्ही चेनच्या मधल्या रेषेत जमीन उकलत गेली आणि खुर्ची पुढे कलली. बूम नाल्यावरच होता. तो खाली सोडून बकेट तळाला टेकवली, मशीन त्या हातावर रेललं आणि थांबलं. पट्टा लावलेला होता. खुर्चीशेजारचा लाल लिव्हर ओढून लॉक केला, इंजिन बंद केलं आणि मागच्या बाजूने उतरलो. हेल्पर जिथे मोजायला उभा राहणार होता, तिथे कमरेइतका मातीचा ढिगारा पडला होता.

मालक आले. पहिला प्रश्न, "पाइप फुटला का?" मला लागलं का, हे हेल्परने विचारलं.

इथवर मी समजू शकतो. लाखोंचं मशीन, माणूस घाबरतो. पुढचं ऐका. मशीन वर काढायला दुसरं पोकलेन आणावं लागलं, सिलिंडरचा रॉड वाकला होता, मग विम्याचा सर्व्हेअर आला. मालकांनी आपल्या पुतण्याला पुढे केलं. "हे आपले ऑपरेटर." पुतण्याकडे प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र होतं; मशीनवर तो फोटो काढण्यापुरता बसलेला मी पाहिला होता. मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, "हा हेल्पर." इतक्या सहज, की क्षणभर मलाच वाटलं, असेन. नंतर हजेरीची वही बघितली. पहिल्या पानापासून माझ्या नावापुढे 'हेल्पर' लिहिलेलं होतं. ते काही त्या दिवशी घाबरून लिहिलेलं नव्हतं. मी कामावर आलो, त्याच दिवशी ही सोय करून ठेवली होती.

मला म्हणाले, विचारलं तर तसंच सांग. मी नाही म्हणालो. मग हिशेबाच्या दिवशी थकलेला पगार 'मशीनच्या खर्चात' वळता केला. म्हणजे सर्व्हेअरपुढे मी मशीनवर नव्हतोच, आणि पगार कापताना मशीन मीच पाडलं होतं. दोन्ही गोष्टी एकाच तोंडाने, एकाच आठवड्यात. माझा राग मशीनचा नाही, याचा आहे.

असो. ज्यांना शिकायचं आहे, त्यांच्यासाठी लिहून ठेवतो.

काठाला चेन समांतर लावायची नाही. कोणाचं ठिबक असो की ऊस असो. स्वतःच्या चेनखालची माती पोखरायची नाही. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या सुरक्षा नियमांत स्पष्ट आहे : दीड मीटर किंवा त्याहून खोल चराच्या बाजूंना उतार द्या किंवा आधार द्या, काढलेली माती काठापासून दीड मीटर किंवा खोलीच्या निम्मं, यातलं जे जास्त असेल तितकी लांब टाका, काठ खालून कोरू नका. हे छापलेलं पान मोबाइलमध्ये ठेवा. तुमचं कोणी ऐकत नाही. छापलेलं कधीकधी ऐकतात.

उन्हाळ्यात परभणीत पारा पंचेचाळिशीकडे जातो तेव्हा रानात सावली एकच, मशीनची. जेवण झालं की हेल्पर चेनला टेकून झोपतो. म्हणून सुरू करण्याआधी एक पूर्ण चक्कर, मग हॉर्न, मग किल्ली. मशीन फिरताना मागचं वजन कुठवर येतं, ते जमिनीवर रेघ मारून हेल्परला दाखवा आणि त्या रेघेच्या आत यायला बंदी घाला. भरलेली बकेट कोणाच्या डोक्यावरून नेऊ नका, टिपरच्या केबिनवरूनही नाही.

हायड्रॉलिकचा पाइप कुठे पाझरतो, हे हाताने चाचपू नका. आत साडेतीनशे बारच्या आसपास दाब असतो. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून आलेलं तेल कातडीतून आत शिरतं, दुखत नाही म्हणून माणूस घरी जातो, आणि मग हात काढायची वेळ येते. पुठ्ठा धरून बघा. तसं कधी झालंच तर थेट दवाखाना. चेन सैल करताना ग्रीसचा नट एका फेऱ्याच्या वर खोलायचा नाही आणि तोंड त्याच्यासमोर न्यायचं नाही.

दगड बकेटच्या बाजूने झाडूसारखे लोटू नका, बूमची पिन जाते. ब्रेकर अर्धं मिनिट मारून पाषाण फुटला नाही तर जागा बदला. ब्रेकरची पहार करू नका.

शेतात डीपीकडे जाणारी ११ केव्हीची तार लोंबलेली असते. सकाळी ती वर दिसते, दुपारी लक्ष मातीत असतं. बूम पूर्ण उंच केल्यावर कुठवर जातो ते आधी बघा आणि तारेजवळ काम असेल तर लाइन बंद करून घ्या. तार लागलीच तर खाली उतरू नका, कोणाला जवळ येऊ देऊ नका, वीज बंद होईपर्यंत आत बसा. आग लागली तरच उडी, तीही मशीन आणि जमीन एकाच वेळी न शिवता, दोन्ही पाय जोडून. मशीन कलंडत असेल तेव्हा मात्र उडी नाहीच. पट्टा लावून आत राहायचं. उडी मारणाराच मशीनखाली सापडतो.

बाकी नेहमीचं तुम्हाला माहीत आहे : हेल्मेट, बूट, दारू नाही, मोबाइल नाही, रात्रीची झोप पूर्ण.

आणि कागद. सगळ्यात कंटाळवाणी गोष्ट, म्हणून सगळ्यात शेवटी राहते. इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिलच्या अभ्यासक्रमाचं एक्स्कॅव्हेटर ऑपरेटरचं प्रमाणपत्र मिळतं. हात बसलेला असला तरी ते घ्या, नाहीतर तुमच्या जागी पुतण्या उभा राहतो. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी करा. त्याला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. गावात मंडळाकडून मिळणाऱ्या भांड्यांच्या संचासाठी निम्म्या घरांनी नोंदणी केली आहे आणि दिवसभर मशीनवर बसणारा तेवढा राहिला आहे. कर्मचारी नुकसानभरपाईची तरतूद कायद्यात १९२३ सालापासून आहे, पण तुम्ही त्या मालकाकडे, त्या मशीनवर कामाला होता हे दाखवता आलं पाहिजे. मालक धोक्याचं काम सांगतील तेव्हा भांडू नका. जागेचा फोटो काढा आणि त्यांनाच व्हॉट्सअॅप करा : "मालक, काठ ओला आहे, आडवं लावायला सांगितलंय, धोका आहे." दोन ओळी. निम्म्या वेळा तेवढ्यानेच आवाज बदलतो. नाही बदलला तर तारीख-वेळेसकट तुमच्याकडे राहतं.

नव्या मालकाकडे किल्ली घेण्याआधी तीन गोष्टी विचारा. हजेरीत माझ्या नावापुढे काय लिहिणार? विम्याच्या कागदात ऑपरेटर म्हणून कोणाचं नाव आहे? जागा धोक्याची म्हणून मी मशीन थांबवलं तर माझा पगार कापणार का? उत्तर सरळ आलं तर बसा. "तू आधी बस तर खरं, मग बघू" असं आलं तर किल्ली परत द्या. पोकलेन तालुक्यात भरपूर आहेत. ते नीट चालवणारे कमी आहेत, आणि हे मालकांना आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे.