तिसरी गोळी कुठून आली

मला स्किझोफ्रेनिया आहे आणि त्यासाठी मी आज दोन औषधं घेतो. दोन औषधं एकत्र घेणं वाईट, असं सांगायला मी बसलेलो नाही. मध्यंतरी माझ्या अंगात याच जातीची तीन औषधं एकदम काम करत होती. त्यातलं एक चालू आहे हे डॉक्टरांना ठाऊक नव्हतं आणि दुसरं चालू आहे याची त्यांना आठवण नव्हती. ते कसं घडलं आणि पुन्हा घडू नये म्हणून आमच्या घरी काय करतात, ते लिहितो.

जबलपूरच्या कमानिया गेटजवळ एका कापडाच्या दुकानात मी हिशेब लिहितो. १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसच्या आठवणीसाठी उभारलेली ही कमान. सुभाषबाबू त्या अधिवेशनाला तापाने फणफणलेल्या अंगाने आले होते, ही गोष्ट इथल्या प्रत्येक म्हाताऱ्याकडून एकदा तरी ऐकावी लागते. कमानीतून दिवसभर सराफ्याची, बडा फुहाऱ्याची आणि खव्याच्या जिलबीची गर्दी वाहत असते. मला ऐकू येणाऱ्या आवाजांना ही गर्दी मानवते. शांत खोलीत ते जास्त बोलतात.

आजार कॉलेजात असताना सुरू झाला. आधी हॅलोपेरिडॉल, बऱ्याच वर्षांनी रिस्पेरिडोन. रिस्पेरिडोनवरही आवाज पुरते जाईनात तेव्हा डॉक्टरांनी ओलान्झापिन द्यायचं ठरवलं. असा बदल एका रात्रीत करत नाहीत. नवीन औषध हळूहळू वाढवायचं आणि जुनं हळूहळू उतरवायचं, म्हणजे मधले काही आठवडे दोन्ही चालू राहतात. ते बरोबरच होतं. पण त्याच मधल्या काळात ते डॉक्टर गाव सोडून गेले. त्यांच्या जागी आलेल्यांनी चिठ्ठी पाहिली, मी बरा दिसत होतो, त्यांनी तीच चिठ्ठी पुढे लिहिली. पुढच्यांनीही तेच केलं. उतरायचं होतं ते रिस्पेरिडोन वर्षानुवर्षं तिथेच राहिलं. मला दोन औषधं लागतात असा निर्णय कुणी कधी घेतलाच नव्हता. पुढे ज्या ज्या लोकांशी बोललो, त्यांच्यातल्या कितीतरी जणांची दोन औषधं अशीच जमलेली निघाली.

त्यात भर पडली पोटाची. दुपारचा डबा घशाशी यायचा. गल्लीतल्या डॉक्टरांनी सकाळी उपाशीपोटी घ्यायची एक कॅप्सूल दिली. भारतात ॲसिडिटीसाठी ती भरपूर खपते: रॅबेप्राझोल २० मिलिग्रॅम आणि लेव्होसल्पिराइड ७५ मिलिग्रॅम. यातलं लेव्होसल्पिराइड जठर लवकर रिकामं करतं आणि मळमळ थांबवतं. ते हे काम डोपामिन अडवून करतं, आणि स्किझोफ्रेनियाची औषधंही डोपामिनच अडवतात. मुळात ते सल्पिराइड या जुन्या मनोविकाराच्या औषधाचंच भावंड आहे. पाकिटावर पोटाचं औषध म्हणून आलेलं हे तिसरं औषध मेंदूतही जाऊन बसलं.

काही दिवसांत पायांना चैन पडेना. बसलं की उठावंसं वाटे, उठलं की चालावंसं. वही उघडी टाकून मी कमानीपासून फुहाऱ्यापर्यंत फेऱ्या मारू लागलो. शेठजी म्हणायचे, "मुनीमजी, दो मिनट बैठ तो जाओ." बसता येत नव्हतं. ही पायांतली तडफड औषधाची असते, तिला अकॅथिसिया म्हणतात. बाहेरून मात्र ती आजार उलटल्यासारखी दिसते, आणि या दुखण्यातला सगळ्यात महाग पडणारा गैरसमज तोच. एका रात्री दादा मला रुग्णालयात घेऊन गेला. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी माझ्या येरझाऱ्या पाहून हॅलोपेरिडॉलचं इंजेक्शन दिलं. सकाळी माझे हात लाकडासारखे ताठ, तोंडातून लाळ, आणि वहिनी विचारतेय, "भाऊजी, मला ओळखता ना?" ओळखत होतो, पण जीभ वळत नव्हती.

मोठं दुखणं आलं की नागपूर, हा इथल्या मराठी घरांचा जुना शिरस्ता. तिथल्या डॉक्टर मॅडमनी मला तपासण्याआधी वहिनीच्या हातातली प्लॅस्टिकची पिशवी टेबलावर ओतली. चिठ्ठ्या बाजूला सारल्या आणि पाकिटं हातात घेऊन प्रत्येकाच्या पाठीवरचं बारीक अक्षर वाचलं. रिस्पेरिडोनच्या गोळीतच ट्रायहेक्सीफेनिडिल मिसळलेलं होतं. हातपाय ताठू नयेत म्हणून देतात ते. आपल्याकडे अशा जोडगोळ्या सर्रास मिळतात. शिवाय ट्रायहेक्सीफेनिडिलची वेगळी पट्टीही चालू होती, म्हणजे तेही दुप्पट. माझं तोंड कोरडं का पडतं, शौचाला का होत नाही आणि कालची उधारी कुणाची हे आठवायला वही का उघडावी लागते, त्याचं निम्मं उत्तर त्या पट्टीत होतं. मग त्यांनी ॲसिडिटीची कॅप्सूल उचलली आणि विचारलं, "ही कुणी दिली?"

त्या दिवशी त्यांनी फक्त ती कॅप्सूल बंद केली, बाकी कशाला हात लावला नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे काय कशामुळे झालं ते कळतं, असं त्या म्हणाल्या. पाय शांत झाल्यावर ट्रायहेक्सीफेनिडिलच्या वेगळ्या पट्टीचा डोस घटवला, मग रिस्पेरिडोन काही महिने घेत, टप्प्याटप्प्याने उतरवलं. हे सावकाशीचं काम आहे आणि घरच्या घरी करायचं नाही. गोळ्या एकदम सोडल्याने आजार उलटलेली माणसं मी पाहिली आहेत.

मग ओलान्झापिन एकटंच, पुऱ्या डोसने, पुरेसे आठवडे देऊन पाहिलं. आवाज कमी झाले पण राहिले. जगभरातल्या मार्गदर्शक सूचना साधारण हेच सांगतात: दोन वेगवेगळी औषधं, प्रत्येक एकेकटं, पुऱ्या डोसने आणि निदान सहा आठवडे घेऊनही उपयोग झाला नाही, तर क्लोझापिनचा विचार करावा. दोन औषधांची जोडी त्यानंतरची. आपल्याकडे पुष्कळदा उलटं होतं. क्लोझापिनला घाबरून आधी जोड्या लावल्या जातात. भीती अगदीच बिनबुडाची नाही. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये या औषधाने पांढऱ्या पेशी कोसळून माणसं दगावली आणि ते बऱ्याच देशांत मागे पडलं. १९८८ मध्ये, इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांवरच्या अमेरिकेतल्या चाचणीत ते सरस ठरलं, तेव्हा रक्ततपासणीच्या अटीवर परत आलं. ओलान्झापिनच्या जागी मला क्लोझापिन सुरू झालं तेव्हा माझंही पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त काढलं, आता महिन्याला एकदा. घसा दुखला किंवा ताप आला तर आम्ही क्रोसिन घेऊन वाट पाहत नाही, त्याच दिवशी पेशी मोजतो.

क्लोझापिन घेणाऱ्याच्या घरी आणखी काही गोष्टी माहीत हव्यात, कारण त्या चिठ्ठीवर लिहिलेल्या नसतात. लग्नाला गेलात, पिशवी घरी राहिली आणि दोन दिवसांहून जास्त खंड पडला, तर परत आल्यावर नेहमीचा डोस घ्यायचा नाही. डॉक्टरांना फोन करून अगदी थोड्यापासून पुन्हा चढवावं लागतं, नाहीतर रक्तदाब कोसळू शकतो. बद्धकोष्ठाला हसू नका. या औषधाने आतडी मंदावतात, जोडीला ट्रायहेक्सीफेनिडिल असेल तर अधिकच, आणि त्यापायी माणसं मेली आहेत. 'देवराई' हा स्किझोफ्रेनियावरचा सिनेमा आमच्याकडे सगळ्यांनी पाहिलाय, मोठ्या ताकदीचा आहे. पण सिनेमात भास दाखवता येतात, बद्धकोष्ठ नाही. ते वहिनी माझ्या औषधांची जी वही ठेवते तिच्यात सापडेल.

आणि विडी. जबलपूर पिढ्यान्‌पिढ्या विड्या वळणारं गाव, माझ्याही खिशात बंडल असायचं. तंबाखूच्या धुरातली द्रव्यं यकृताला क्लोझापिन आणि ओलान्झापिन लवकर जाळायला लावतात, म्हणून ओढणाऱ्याला जास्त डोस लागतो. इथले लोक नवरात्रात नऊ दिवस विडी सोडतात. सोडली की आठवड्याभरात रक्तातलं क्लोझापिन दीडपट किंवा त्याहूनही वर जाऊ शकतं. मग देवीच्या मंडपात गुंगी, लाळ, क्वचित झटका, आणि लोक म्हणणार उपास बाधला. विडी जरूर सोडा, मीही सोडली, पण आधी डॉक्टरांना सांगून, डोस कमी करून घेत. हे धुराचं गणित आहे. गुटखा किंवा मळलेली तंबाखू सोडल्याने असा फरक पडत नाही.

आता माझ्या दोन औषधांबद्दल. क्लोझापिनवर आवाज बरेच मागे सरले, पण वजन वाढलं आणि साखर हद्दीवर आली. डॉक्टर मॅडमनी त्यात थोडं ॲरिपिप्राझोल घातलं. या जोडीला आधार आहे. फिनलंडमधल्या ६२,२५० रुग्णांच्या नोंदी तपासून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात क्लोझापिन आणि ॲरिपिप्राझोल एकत्र घेणाऱ्यांना पुन्हा रुग्णालयात भरती व्हायची वेळ सगळ्यात कमी आली. अर्थात त्या नोंदी आहेत, चिठ्ठ्या टाकून गट पाडून केलेली चाचणी नव्हे, आणि सगळ्या जोड्यांना तो निष्कर्ष लागू नाही. उलट बाजूही आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत, दोन औषधांवर असलेल्या १२७ जणांपैकी साधारण निम्म्यांना एकावर आणून पाहिलं. त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश लोकांना सहा महिन्यांनंतरही एकच पुरत होतं आणि वजनही उतरलं होतं. बाकीच्यांना पुरलं नाही. आपण कोणत्या गटातले हे आधी सांगता येत नाही, म्हणूनच माझ्या कागदावर ॲरिपिप्राझोलपुढे "वजन आणि उरलेले आवाज यासाठी, सहा महिन्यांनी आढावा" असं डॉक्टरांच्या हातचं लिहिलेलं आहे. तसं लिहून मागावं. बहुतेक डॉक्टर रागावत नाहीत, आणि रागावले तरी मागावं.

वहिनीची वही शंभर पानी आहे. त्यात औषधाचं दुकानातलं नाव नसतं, आतल्या द्रव्याचं असतं. जनऔषधी केंद्रातून घेतलं की पाकिटाचं नाव बदलतं, आणि एकच औषध दोन नावांनी दोनदा पोटात जाऊ शकतं. महिन्याचं लांब पल्ल्याचं इंजेक्शन घेणाऱ्यांनी तेही औषधांत धरावं. लोक डॉक्टरला गोळ्या सांगतात आणि इंजेक्शन विसरतात. वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, साखर, चरबी यांचे आकडे त्यातच. हृदयाचा ईसीजी आधी एकदा आणि जोडी लागल्यावर पुन्हा काढला, कारण काही औषधं ठोक्यांची लय बिघडवतात आणि दोन एकत्र आली की जास्त.

नवीन कुठलाही डॉक्टर, मग तो दातांचा का असेना, आधी वही पाहतो. उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड, चक्करेसाठी प्रोक्लोरपेराझिन, पोटासाठी लेव्होसल्पिराइड, ही तिन्ही डोपामिन अडवणारी. लघवीच्या जंतूंसाठी किंवा जुलाबावर सहज मिळणारं सिप्रोफ्लॉक्सासिन क्लोझापिनचं प्रमाण धोक्याइतकं वाढवू शकतं. यातलं काहीही काउंटरवरून मागून घेऊ नका. उन्हालाही जपावं लागतं. मे महिन्यात आमच्याकडे पारा चव्वेचाळीसवर जातो. स्किझोफ्रेनियाची औषधं घाम कमी करू शकतात, तेव्हा दुपारची वसुली मी दुकानातल्या पोराला देतो.

एक गोष्ट मात्र वहीत लिहीत बसण्याची नाही. जोरदार ताप, अंग ताठ, भरपूर घाम आणि बोलण्यात भ्रम, हे एकत्र दिसलं तर पुढची गोळी देऊ नका, थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या आणि मनोविकाराची औषधं चालू आहेत हे पहिल्या वाक्यात सांगा. रात्री-अपरात्री नुसतं विचारायचं असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, पैसे पडत नाहीत.

नातेवाइकांना एकटं वाटतं. जगन्नाथ वाणी कॅनडात प्राध्यापक होते, पत्नीच्या स्किझोफ्रेनियाच्या अनुभवातून त्यांनी १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू केली. 'देवराई'मागेही तेच उभे होते. जबलपुरात आमचा असा गट नाही. गोलबाजारातल्या ओळखीची दोन-तीन घरं आहेत, बायका एकमेकींच्या पिशव्या ओतून पाकिटांच्या पाठी वाचतात, एवढंच.

पुढच्या आढाव्यात ॲरिपिप्राझोल ठेवायचं की उतरवायचं ते ठरेल. मी डॉक्टर मॅडमना म्हटलंय, उतरवायचं असेल तर दिवाळी होऊन जाऊ द्या. नवरात्रापासून लक्ष्मीपूजनापर्यंत दुकानात श्वास घ्यायला वेळ नसतो, अशा दिवसांत माझ्यात काय बदललं ते कुणाच्या लक्षातही यायचं नाही. त्यांनी तारीख कार्तिकातली दिली आहे.