बापू नाडकर्णी आणि खेळपट्टीवरचे नाणे



यंदा आंतरशालेय क्रिकेटचा संघ निवडताना आमच्याकडून एक चूक झाली. नववीतल्या एका डावखुऱ्या मुलाने पहिल्या सामन्यात चार षटकांत फक्त नऊ धावा दिल्या, पण बळी एकही मिळवला नाही. पुढच्या सामन्याच्या यादीत त्याचे नाव नव्हते आणि त्या यादीवर सही आमची होती. त्याचे वडील भेटायला आले. भांडले नाहीत, एवढेच म्हणाले, "सर, धावा न देणे हे काम नाही का?" आम्हाला चटकन उत्तर देता आले नाही. म्हणून या अंकात बापू नाडकर्णींचा पाठ.

रमेशचंद्र गंगाराम ऊर्फ बापू नाडकर्णी यांचा जन्म ४ एप्रिल १९३३ रोजी नाशिकला झाला. ते डाव्या हाताने फिरकी गोलंदाजी करीत आणि फलंदाजीही डावखुरीच. आधी महाराष्ट्राकडून आणि नंतर मुंबईकडून ते रणजी सामने खेळले. १९५५ ते १९६८ या काळात त्यांनी भारतासाठी ४१ कसोटी सामने खेळून ८८ बळी घेतले.

जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध कसोटी सामना होता. कर्णधार पतौडी, आणि आपल्या हैदराबादचे जयसिंहाही संघात होते. समोर बोलस आणि बॅरिंग्टन हे चिवट फलंदाज. बापूंनी सलग २१ षटके निर्धाव टाकली. पुढचेमागचे चेंडू धरले तर सलग १३१ चेंडूंवर एकही धाव निघाली नाही. डावाअखेर त्यांच्या नावापुढे असे आकडे होते : ३२ षटके, २७ निर्धाव, ५ धावा, ० बळी.

गणिताच्या तासाला हे आकडे जरूर घ्या. ३२ मधून २७ वजा केले की पाच षटके उरतात. धावाही पाचच. निर्धाव नसलेल्या प्रत्येक षटकात निदान एक धाव गेलीच पाहिजे. म्हणजे एकाही षटकात एकाहून जास्त धाव गेली नाही, हे सामना न पाहताही सिद्ध होते! दक्षिण आफ्रिकेच्या टेफील्डने त्याआधी सलग १३७ चेंडू धावेविना टाकले होते, पण तेव्हा तिथे षटक आठ चेंडूंचे असे. सलग निर्धाव षटकांत बापू पुढे आहेत.

हे कसे जमले? सरावाच्या वेळी बापू खेळपट्टीवर एक नाणे ठेवीत आणि त्या नाण्यावर चेंडू टाकीत राहत. चेंडू आखूड पडला तर फलंदाजाला मागे सरून मारायला वेळ मिळतो. फार पुढे पडला तर तो टप्प्यावरच फटकावतो. या दोन्हींच्या मधली जागा लहान असते, आणि ती डोळ्यांनी नव्हे तर हाताने ओळखावी लागते. त्यासाठी परिश्रमाशिवाय दुसरा उपाय आम्हाला ठाऊक नाही.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. तो सामना अनिर्णित राहिला. त्या मालिकेतले पाचही सामने अनिर्णितच राहिले. असे क्रिकेट कंटाळवाणे होते असे कोणी म्हटले तर आम्ही वाद घालणार नाही. पण बापूंना फक्त अडवणेच येत होते, हे मात्र खरे नाही. त्याच मालिकेत कानपूरला भारतावर फॉलोऑनची वेळ आली. बापूंनी पहिल्या डावात नाबाद ५२ आणि दुसऱ्या डावात नाबाद १२२ धावा करून सामना वाचवला. त्याच वर्षी मद्रासलाच ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी ३१ धावांत ५ आणि ९१ धावांत ६ बळी घेतले. १९६८ मध्ये वेलिंग्टनला ४३ धावांत ६ बळी घेऊन त्यांनी भारताला विजय मिळवून दिला, आणि भारताने परदेशात पहिल्यांदा मालिका जिंकली ती याच न्यूझीलंड दौऱ्यात. गोलंदाज तोच आणि टप्पाही तोच. कधी फलंदाज चुकतो, कधी चुकत नाही. संपूर्ण कसोटी कारकिर्दीत त्यांनी षटकामागे सरासरी १.६७ धावा दिल्या.

बापूंचे १७ जानेवारी २०२० रोजी मुंबईत निधन झाले.

पालकांना कळवायचे ते असे. या शनिवारी शाळा सुटल्यावर मैदानावर नेटमध्ये चुन्याची रेघ आखून त्यावर नाणे ठेवले जाईल. सहावी ते दहावीच्या मुलामुलींनी यावे. प्रत्येकाला अठरा चेंडू. नाण्यापासून वीतभर अंतरात किती पडले, ते ज्याने त्याने आपल्या वहीत लिहावे. डावखुऱ्यांनी डाव्या हातानेच टाकावे. कोणी हात बदलायला लावणार नाही.

पुढच्या सामन्याची यादी आम्ही नव्याने केली आहे. नववीतल्या त्या मुलाचे नाव तीत आहे.