कडपा बांधीत, ढग उपसागरात

ऑक्टोबरच्या पावसाची बेरीज जुलै-ऑगस्टपुढे किरकोळ दिसते. पण पूर्व विदर्भातल्या आपल्या बिरसी गावचा धान महिन्याच्या बेरजेने जात नाही, एका रात्रीच्या पावसाने जातो. २८ ऑक्टोबर २०२५ ला, दिवाळीनंतर आठवडाभरात, ‘मोंथा’ चक्रीवादळ आंध्रच्या किनाऱ्याला धडकले आणि जोर ओसरत पूर्व विदर्भापर्यंत आले. या दिवसांत हलक्या धानाच्या कडपा बांधीत पडलेल्या असतात, भारी धान लोंबीच्या वजनाने वाकलेला असतो.

म्हणून घरी पावसाची वही ठेवाच. सरळ बाजूंचा, सपाट बुडाचा डबा झाडा-भिंतींपासून दूर ठेवायचा, रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजायचे, तारखेसह लिहायचे आणि डबा रिकामा करायचा. अतिवृष्टी ठरवताना शासन महसूल मंडळाचा आकडा धरते, २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर. पण एकाच मंडळात या गावी धो-धो आणि शेजारी नुसता शिडकावा, हे आपण दरवर्षी पाहतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी सुमारे चार हजार लिटर पाणी. पन्नास मिलिमीटर पडला तर एकरात दोन लाख लिटर! धुरा फोडून वाट दिली नाही, तर हे पाणी जाणार कुठे?

उपसागरात कमी दाबाचा पट्टा झाल्याची बातमी आली की कापणी थांबवा. मजुरांची तारीख ठरली आहे म्हणून कापू नका. उभा धान कापलेल्यापेक्षा बराच तग धरतो. कडपा पडल्याच असतील तर वाळलेल्या तेवढ्या उचलून उंचवट्यावर पुंजणे घाला, लोंब्या आत, वरून ताडपत्री. ओल्या कडपांचे पुंजणे मात्र घालू नका, आत वाफ धरून दाणा काळा पडतो.

पाऊस होऊन गेल्यावर आधी पाणी काढा. लोळलेल्या धानाचे पाच-सहा चुडे एकत्र बांधून उभे करा. भिजलेल्या लोंब्यांवर लिटरला ५० ग्रॅम मीठ विरघळवून फवारले तर कोंब फुटणे रोखता येते. खरेदी केंद्रावर १७ टक्क्यांपर्यंतच ओलावा चालतो, तेव्हा उन्हात नीट वाळवूनच धान न्या.

नुकसान झाले तर बांधी साफ करण्याआधी फोटो काढा, तलाठी आणि कृषी सहायकांना त्याच दिवशी कळवा, पंचनाम्याची प्रत मागून घ्या. विम्याच्या अटी बदलत असतात. कापणीनंतरचे नुकसान यंदा धरले आहे का, हे तालुका कृषी कार्यालयात आताच विचारून ठेवा.