हृदयाचे चित्र

शर्यतीत पहिला येणाऱ्या मुलाची प्रकृती उत्तमच असणार, असे आपणांस वाटते. बहुधा ते खरेही असते. परंतु शरीराचे बळ डोळ्यांना दिसते. हृदयातील दोष दिसत नाही.

मार्क-व्हिव्हियन फोए हा कॅमेरून देशाचा बलदंड फुटबॉलपटू. २६ जून २००३ रोजी फ्रान्समधील ल्यों शहरी सामना चालू असताना तो मैदानावर कोसळला व थोड्याच वेळात मरण पावला. त्याचे वय अवघे २८ वर्षांचे होते. विकारामुळे त्याच्या हृदयाचा स्नायू जाड झाला होता, असे मागाहून आढळले.

असा दोष आधी कसा ओळखावा? वटवाघूळ प्रतिध्वनीवरून अंधारात वाट काढते. याच तत्त्वाचा उपयोग करून १९५३ साली स्वीडनमधील एडलर व हर्ट्झ यांनी हृदयाची हालचाल टिपली. आपल्या कानांस ऐकू न येणारे ध्वनी छातीत सोडावयाचे; ते हृदयावरून परतले, की पडद्यावर त्याचे चित्र उमटते. यात वेदना मुळीच होत नाही.

पूर्वी हे यंत्र अवजड असे. आज ते हातात मावते. म्हणून डॉक्टर क्रीडांगणावरच खेळाडूंची तपासणी करू शकतात. मात्र सततच्या व्यायामानेही हृदय थोडे जाड होते. ते बळ की विकार, याचा निर्णय जाणत्या डॉक्टरांनीच करावयाचा असतो. शिवाय प्रत्येक दोष चित्रात दिसतोच असे नाही.

म्हणून मुलांनो, खेळताना भोवळ आली वा छातीत दुखले, तर शिक्षकांना व आईवडिलांना तत्काळ सांगा. संघातील जागा जाईल या भीतीने दुखणे लपविणे, हे शौर्य नव्हे.