जलवनस्पतींच्या पानांचा पृष्ठभाग आणि केंदाळाचा बंदोबस्त

‘अळवावरचे पाणी’ ही उपमा आपण सर्रास वापरतो. मात्र ते पाणी पानावर का ठरत नाही, याचा विचार क्वचितच होतो. अळू व कमळ यांच्या पानांवर अतिसूक्ष्म उंचवटे असून त्यांवर मेणाचे आवरण असते. थेंब उंचवट्यांच्या टोकांवरच टेकतो व घरंगळताना धूळही नेतो. बार्टलॉट व नाइनहुइस या जर्मन शास्त्रज्ञांनी १९९७ साली या रचनेचा व स्वच्छतेचा संबंध सविस्तर मांडला. कमळाची पर्णरंध्रे पानाच्या वरच्या अंगास असतात. तेथे पाणी साचल्यास हवेची ये-जा खुंटेल.

पाण्यात बुडून वाढणाऱ्या हायड्रिलाचे नेमके उलट आहे. तिचे पान अवघ्या दोन पेशींच्या थरांचे, मेण नाममात्र आणि पर्णरंध्रे मुळीच नाहीत. विरघळलेले वायू व क्षार ती पृष्ठभागातूनच शोषते. उन्हात ठेवताच ती लवकर सुकते. ग्रामसेवकांनी सभेत कमळाचे पान व हायड्रिला शेजारी ठेवून हा फरक दाखवावा.

आता आपल्या पंचगंगेतील व रंकाळ्यातील केंदाळाकडे, म्हणजेच जलपर्णीकडे वळू. मूळची दक्षिण अमेरिकेतील ही वनस्पती पाने पाण्यावर उभी धरते. पान तुकतुकीत असून पर्णरंध्रे दोन्ही अंगांस असतात. देठाचा फुगवटा तिला तरंगत ठेवतो.

तणनाशक फवारून मोकळे का होऊ नये, असा प्रश्न शेतकरी बंधू नेहमी विचारतात. तुकतुकीत पानावर थेंब ठरावा म्हणून द्रावणात चिकट द्रव्य मिसळावे लागते, आणि तरीही जे निथळते ते नदीतच जाते. खालच्या गावांस तेच पाणी प्यावयाचे असते. शिवाय मेलेले केंदाळ जागीच कुजले, म्हणजे पाण्यातील प्राणवायू घटून मासे मरतात. माझ्या मते नदीत हा मार्ग धरू नये.

पाने खुडून भागत नाही; धावत्या खोडाचा तुकडा राहिला तरी नवे रोप उठते. फुलोऱ्यापूर्वीच मुळांसकट ओढून काढावे, कारण बी चिखलात अनेक वर्षे टिकते. केंदाळात सुमारे ९५ टक्के पाणी असते व ते सहजी सुटत नाही. यास्तव तुकडे करून पूररेषेच्या वर पसरावे, कोमेजल्यावर शेण व मातीचे थर देऊन खड्ड्यात कुजवावे. कारखान्यांचे सांडपाणी मिसळते तेथील केंदाळ जड धातू शोषून घेते. त्याचे खत भाजीपाल्यास घालू नये.